रहस्य, भय, विज्ञान, इतिहास : सीमाभागातल्या पोरांच्या हातात नेमकं काय द्यायचं?

मलप्रभाकाठ | ६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. जूनपासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा गावच्या देवळाच्या सभामंडपात पोरांना घेऊन बसते. सतरा जण येतात, चौथीपासून नववीपर्यंतचे. सहा मराठी शाळेतले, बाकीचे कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमातले. घरी सगळे मराठीच बोलतात. एक पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात एकशे चाळीसेक पुस्तकं. बहुतेक लोकांनी दिलेली.

पहिले तीन महिने असे गेले की पोरं माझ्या समाधानासाठी पुस्तक घरी न्यायची आणि पुढच्या रविवारी न वाचता आणून ठेवायची. मला वाटलं, वाचायला जड जात असेल. मग सप्टेंबरात ट्रंकेच्या तळाला, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली, एक रहस्यकथा सापडली. मुखपृष्ठ नाही, लेखकाचं नाव नाही, पानं सुटी. सातवीतल्या एका मुलानं ती उचलली. पुढच्या रविवारी ती परत आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पाच घरं फिरून ती प्लास्टिकच्या पिशवीतून परत आली तेव्हा कळलं की शेवटचं पानच नव्हतं. खून कुणी केला हे कुणालाच माहीत नाही! "वाचून झालं" म्हणून दहा मिनिटांत उठणारी पोरं त्या दिवशी पाऊण तास भांडत होती. एकानं घरमालकाला धरलं, दुसरीनं डॉक्टरला. प्रत्येक जण पान उघडून पुरावा दाखवत होता.

त्या रात्री मी ट्रंक रिकामी केली आणि पुस्तकांचे ढीग लावले. नव्वदच्या वर बोधकथा आणि थोरांची चरित्रं. वीसेक पुराणातल्या गोष्टी. उरलेल्यात पाककृती, सामान्यज्ञान, दोन पंचांगं. रहस्य एक, तेही शेवट नसलेलं. विज्ञानकथा शून्य. साहसकथा दोन. विनोदी एक.

आपण म्हणतो पोरं वाचत नाहीत. ज्याला जन्मभर फक्त प्रवचन ऐकवलं तो "मला गाणं आवडत नाही" म्हणाला, तर त्याचा काय दोष? माझं म्हणणं एवढंच आहे : चौदा वर्षांचं होईपर्यंत प्रत्येक मुलाच्या हातातून प्रत्येक प्रकारची एक तरी गोष्ट गेली पाहिजे. रहस्य, भय, विज्ञान, इतिहास, साहस, अद्भुत, विनोद. त्यानंतर त्याला काय आवडेल ते त्यानं ठरवावं. एका शाळेत मी हे बोलले तर "गोष्टींची पुस्तकं परीक्षेनंतर" असं उत्तर मिळालं. म्हणून इथं आले.

कुठल्या क्रमानं द्यावं? कन्नड माध्यमातल्या पोरांचं काय करावं? आणि भुताच्या गोष्टी द्याव्यात का? तुमच्याकडे काय केलंत ते सांगा.

वडगावकर | ६ ऑक्टोबर, रात्री ११:०५

ताई, रहस्यापासूनच सुरू करा. पोरांनी तुम्हाला वाट दाखवलीच आहे.

आमच्या घरी चार माग. बाबा मागावरून उठले की हातपाय धुऊन पहिली पातळ पुस्तिका उघडायचे. बाबुराव अर्नाळकर. झुंजार, काळा पहाड, धनंजय. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं. दुकानातून भाड्यानं आणायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत. सातवी शिकलेले माझे बाबा एका रात्रीत पुस्तक संपवायचे, कारण दुसऱ्या दिवसाचं भाडं परवडायचं नाही. मी वाचायला शिकलो ते त्यांच्या मांडीवर.

आता करायचं काय ते सांगतो. मी माझ्या पुतण्यांबरोबर केलंय. गोष्ट मोठ्यानं वाचायची, उलगडा व्हायच्या आधी पुस्तक मिटायचं. प्रत्येकाला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर दोन ओळी : संशय कुणावर, आणि कुठल्या वाक्यावरून. दुसरी ओळ नसेल तर चिठ्ठी बाद. मग शेवट वाचायचा. त्यानंतर जे होतं ते बघण्यासारखं असतं. पोरं स्वतःहून मागची पानं उलटतात आणि "इथं सांगितलंय बघ की, ओला रुमाल!" म्हणून ओरडतात. चांगला रहस्यकथाकार सुगावा लपवत नाही, तुमच्या डोळ्यांसमोर ठेवतो आणि तुमचं लक्ष दुसरीकडे नेतो. तो कसा नेतो हे कळायला गोष्ट दुसऱ्यांदा वाचावी लागते. दहा वर्षांचं पोर एखादी गोष्ट आपखुशीनं दुसऱ्यांदा वाचतंय, यासारखं दुसरं काही नाही हो.

लहानांना अर्नाळकरांची भाषा जुनी वाटेल. त्यांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकलवरून सुसाट. वीस पुस्तकं आहेत, म्हणजे एक आवडलं की पुढं एकोणीस. पोराला मालिकेची चटक लागली की आपलं अर्धं काम होतं.

निपाणीचे मास्तर | ७ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

मी कन्नड प्राथमिक शाळेत शिकवतो. वर्गात निम्म्यांची मातृभाषा मराठी. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

या पोरांना देवनागरी येते ती हिंदीच्या तासाला शिकलेली. त्यामुळे अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा 'ळ'. हिंदीच्या पुस्तकात त्यांना हे अक्षर भेटलेलंच नसतं. डोळा, बाळ, काळोख, सगळीकडे गाडी थांबते. त्यांना सांगायचं की अरे, हा तुझ्या कन्नडमधलाच 'ळ' आहे, फक्त इथं वेगळा लिहितात. घरी तर तू दिवसातून शंभरदा म्हणतोस. एका मिनिटात प्रश्न सुटतो. दुसरी जागा 'च' आणि 'ज'. मराठीत 'चंद्र' वेगळा आणि 'चोर' वेगळा, 'जीव' वेगळा आणि 'जोर' वेगळा, पण लिहिताना अक्षर एकच. हिंदी शिकलेलं पोर 'चोर' हिंदीसारखा वाचतं. रहस्यकथेत तर हा शब्द पानोपानी! बाकीची पोरं हसतात आणि ते पोर पुस्तक खाली ठेवतं. हसू द्यायचं नाही. सुरुवातीची चार पानं तुम्ही वाचा. तुमच्या तोंडून 'चोर' ऐकला की त्याच्या कानात तो आधीपासून असलेला शब्द जागा होतो.

आणि म्हणूनच कथेचा प्रकार इथं जास्त महत्त्वाचा. लिपीचा अडथळा ओलांडायला पोराला काही तरी ओढ पाहिजे. 'प्रामाणिकपणाचे फळ' वाचायला कुणी 'ळ'शी झगडणार नाही. खजिना कुठं पुरलाय हे कळणार असेल तर झगडेल.

एक जुना अनुभव. आमच्या लहानपणी घरी मराठी 'चांदोबा' यायचा आणि शेजारच्या कन्नड घरात कन्नड 'चंदमामा'. चित्रं तीच, विक्रम तोच, खांद्यावरचा वेताळ तोच. आम्ही दोन्ही अंक शेजारी ठेवून वाचायचो. कन्नड मला शाळेपेक्षा त्या ओट्यावर जास्त आलं. १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेलं ते मासिक किती भाषांत गेलं! जुने अंक कुणाकडे असतील तर जोडीनं ठेवा. अद्भुतकथेसाठी याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. आणि वेताळाच्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटी प्रश्न असतो. पोरांना उत्तर द्यावंच लागतं.

अनगोळचे आजोबा | ७ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

मुली, तुझी धडपड मोलाची आहे. तरी एक शंका विचारतो, राग मानू नकोस. आम्ही साने गुरुजी वाचून मोठे झालो. 'श्यामची आई' वाचताना रडलो आणि त्या रडण्यानं आमच्यात काही तरी रुजलं. चोर, खून, भुतं दाखवून पोरांच्या मनात काय रुजणार? वाचनाची गोडी लागावी म्हणून काहीही द्यायचं का?

मलप्रभाकाठ | ७ ऑक्टोबर, रात्री ८:३०

आजोबा, राग कसला? तुमचा प्रश्न खरा आहे. 'श्यामची आई' ट्रंकेत आहे आणि राहणार. मीही ते पुस्तक नऊ वर्षांची असताना वाचून ओक्साबोक्शी रडले होते. पण त्या आधी मला पुस्तकात हरवायची सवय लागलेली होती, म्हणून मी त्या घरात शिरू शकले. माझ्या पोरांना अजून पुस्तकाच्या आत जाता येत नाही. ती उंबऱ्यावर उभी राहून "यातून काय शिकलात?" या प्रश्नाची वाट बघतात.

आणि रुजण्याचं म्हणाल, तर त्या शेवट नसलेल्या रहस्यकथेवरून भांडताना सातवीतला मुलगा म्हणाला, "पुरावा नाही तर घरमालकाला खुनी म्हणायचं नाही." हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

टिळकवाडीची आई | ७ ऑक्टोबर, रात्री १०:१०

बाकी सगळं पटलं, भुतांचं सोडून. माझ्या मुलीला वर्गातल्या कुणी तरी एक भयकथा सांगितली आणि ती महिनाभर एकटी बाथरूमला गेली नाही. नऊ वर्षांची आहे. पोरांची मनं मऊ असतात. हा प्रकार वगळला तर काय बिघडेल?

मलप्रभाकाठ | ८ ऑक्टोबर, दुपारी ३:००

ताई, तुमच्या मुलीचं ऐकून वाईट वाटलं. महिनाभर म्हणजे फार झालं.

तरी माझं मत वेगळं आहे. आमच्याकडे भीती आधीच आहे. जंगलाच्या कडेला राहणारी पोरं. चकव्याच्या, मुंजाच्या, हडळीच्या गोष्टी त्यांना आजी-आजोबांकडून, शेतावरच्या गड्यांकडून कळलेल्या असतात. त्या गोष्टी अर्धवट असतात, रात्री असतात, आणि "अमक्याच्या चुलत्याला खरंच दिसलं" असं म्हणून सांगितलेल्या असतात. छापील भयकथेचं तसं नसतं. तिला सुरुवात असते, शेवट असतो, आणि पुस्तक मिटता येतं. नारायण धारपांच्या 'समर्थ' या नायकाच्या कथा आठवा. त्यात अमंगळ शक्ती असते, पण तिच्याशी दोन हात करणारा एक माणूसही असतो. तो आला की आपला श्वास मोकळा होतो. पोराला भीतीपेक्षा तिच्यातून बाहेर यायची वाट जास्त लागते.

पण वयाचं बंधन हवं, हे तुमचं म्हणणं घेते. मी ठरवलं ते असं. धारपांच्या मोठ्या कादंबऱ्या आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा नववीच्या आधी नाहीत. गूढकथेत भीती सुटत नाही, मनात राहते, ती लहानांना पेलत नाही. लहानांसाठी राक्षस, चेटकीण, वेताळ एवढंच. भयकथा सकाळच्या उजेडातच वाचायची आणि ती कधीच शेवटची गोष्ट नसणार. तिच्यानंतर विनोदी काही तरी वाचून मगच घरी सोडायचं. आणि ज्याला नको त्यानं कान झाकून अंगणात जायचं, त्याला कुणी भित्रा म्हणायचं नाही.

टिळकवाडीची आई | ८ ऑक्टोबर, दुपारी ४:४५

शेवटची दोन बंधनं मी घरी लागू करतेय. धन्यवाद. अजून पटलं नाही, पण विचार करतेय.

पुण्यात पण बेळगावचा | ९ ऑक्टोबर, रात्री १२:३०

विज्ञानकथा शून्य हे वाचून राहवलं नाही. उद्याच पाच पुस्तकं पाठवतो, पत्ता निरोपातून कळवा.

जयंत नारळीकरांपासून सुरू करा. जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. आपल्या पोरांना सांगा की हा माणूस आपल्या शेजारच्या गावी जन्मला होता. २० मे २०२५ ला ते गेले तेव्हा मी दिवसभर काम करू शकलो नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही पहिली कथा पाठवली ती टोपणनावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली आणि नाव घेतलं नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं. पोरांना हा किस्सा रहस्यकथेसारखाच वाटतो. फळ्यावर आधी ज. वि. ना. लिहा, खाली ना. वि. ज. लिहा, आणि कोण ते ओळखू द्या.

मग 'उजव्या सोंडेचा गणपती'. 'यक्षांची देणगी' या संग्रहात आहे. पण वाचायच्या आधी एक करा. वर्तमानपत्राची लांब पट्टी कापा, एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि टोकं चिकटवा. पोराला म्हणावं, पट्टीच्या मधोमध, न उचलता पेन्सिल चालव. रेघ फिरून सुरुवातीला येते आणि बघतो तर कागदाच्या दोन्ही बाजूंना रेघ! म्हणजे पट्टीला बाजू एकच. आता त्या रेघेवरून कात्री चालवा. सगळ्यांना वाटतं दोन कडी होतील. एकच होतं, दुप्पट लांब. मी हे सभागृहात शंभर माणसांसमोर केलंय, मोठी माणसंही श्वास रोखतात. एवढं झालं की कथेत डाव्याचं उजवं कसं होतं हे पोराला पटतं आणि ते पुस्तकावर झडप घालतं.

विज्ञानकथा कशी ओळखायची ते मी भाच्याला असं सांगतो : लेखक जगातली एकच गोष्ट बदलतो आणि बाकी सगळं आहे तसंच ठेवतो. मग त्या एका बदलानं काय काय हलतं ते प्रामाणिकपणे बघतो. हवं तेव्हा हवी ती जादू करायची मुभा त्याला नसते. लहान पोरांना ज्यूल व्हर्न द्या, भागवतांनीच मराठीत आणलाय.

जांबोटी फाटा | ११ ऑक्टोबर, रात्री ९:१५

उशिरा आलो, खरं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवेना.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'यमुनापर्यटन', १८५७. लेखक बाबा पदमनजी. जन्म बेळगावचा. पहिली ऐतिहासिक कादंबरी 'मोचनगड', १८७१. लेखक रामचंद्र भिकाजी गुंजीकर. जन्म जांबोटीचा, आपल्या खानापूर तालुक्यातला! म्हणजे मराठी कादंबरीची सुरुवात करणारे हे दोघे आपल्या मातीतले. मी जांबोटीत वाढलो आणि ही गोष्ट मला चाळिशीत कळली. शाळेत कुणी सांगितली नाही. तुमच्या सतरा पोरांना आताच सांगा.

ही पुस्तकं पोरांच्या हातात द्यावीत असं मी म्हणत नाही, भाषा दीडशे वर्षांपूर्वीची आहे. खरं 'मोचनगड'मध्ये काळ शिवरायांचा आणि कथानक कल्पनेतलं, एवढं सांगितलं तरी ऐतिहासिक कादंबरीचं मर्म हातात येतं. इथं एक काळजी घ्या. पोरं, आणि मोठीही, कादंबरीत वाचलेलं सगळं घडलेलंच समजतात. दोन रंगांच्या पेन्सिली द्या. एका उताऱ्यात जे कागदपत्रांत सापडेल असं वाटतं त्याखाली निळी रेघ, जे लेखकानं रचलं असणार त्याखाली लाल. राजा त्या रात्री मनाशी काय म्हणाला? लाल. लढाई कुठल्या साली झाली? निळी. वादावादी होईल, होऊ द्या.

आणि उदाहरण जवळचं घ्या. नंदगडला १८३१ साली कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या सैन्यातल्या संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी फाशी दिली. तुमच्या गावापासून लांब नाही. कन्नड शाळेतल्या पोरांना रायण्णा पाठ असतो, मराठी शाळेतल्यांना शिवराय. त्यांना एकत्र बसवून नंदगडच्या त्या दिवसाचं एक पान लिहायला सांगा. गर्दीत उभ्या असलेल्या त्यांच्याच वयाच्या पोराच्या डोळ्यांनी.

नववीतल्यांना रणजित देसाईंच्या 'स्वामी'तली प्रकरणं वाचून दाखवता येतील. चंदगडकडचं कोवाड हे त्यांचं गाव, तेही आपल्या शिवेलाच.

उचगावची अक्का | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:००

सगळं वाचलो. (आमच्यात बायका असंच म्हणतात, शुद्ध करू नका!)

फास्टर फेणे, गोट्या, बोक्या सातबंडे. कुणाला काही दिसलं का? सगळे पोरगे. तुमच्या सतरात पोरी किती, बाई? साहस करायचं ते बनेशनं, पोरींनी वाचायचं. माझी नात विचारली मला, "आजी, पोरीला सायकल नसती का?" मी काय उत्तर देऊ?

ना. धों. ताम्हनकरांची 'चिंगी' आहे, ती शोधा. जी. ए. कुलकर्णींची 'मुग्धाची रंगीत गोष्ट' आहे. आपल्याच एकसंब्याला जन्मलेले जी. ए., मोठ्यांसाठी एवढं काळोखातलं लिहिलेला माणूस लहान पोरीसाठी रंगांची गोष्ट लिहितो, हेच मला नवल वाटतं. त्याहून जास्त नसेल तर पोरींना स्वतःच लिहू दे.

आणि एक. प्रकार प्रकार म्हणताय, खरं ज्याला कुठलाच प्रकार नाही असंही एक द्या. प्रकाश नारायण संतांचा लंपन. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. त्यात चोर नाही, भूत नाही, यान नाही. एक पोरगा आजीकडे राहतो, बस्स. मी पहिलं पान वाचून दाखवलो तर नात म्हणाली, "हा आपल्यासारखं बोलतोय की." आपली कन्नड मिसळलेली मराठी, जी ऐकून पुण्याची माणसं हसतात, ती छापील पुस्तकात! ती पोर ते पुस्तक उशाशी घेऊन झोपली.

मलप्रभाकाठ | १२ ऑक्टोबर, रात्री ९:५०

अक्का, नऊ पोरी आहेत. आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

वडगावकर | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

पैशांचं कुणी विचारलं नाही म्हणून लिहितो. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. सगळे प्रकार त्यात मिळतील. मोबाइलवर दाखवण्यापेक्षा एकेक गोष्ट छापून घ्या, टाचणी मारून पातळ पुस्तिका करा. पातळ पुस्तक पोरं लगेच उचलतात. आणि बेळगावला येणं झालं तर सार्वजनिक वाचनालयात पोरांना एकदा नुसतं फिरवून आणा. १८४८ पासून उभी असलेली संस्था आहे. इतकी पुस्तकं एका ठिकाणी असतात हे त्यांना डोळ्यांनी दिसू दे.

मलप्रभाकाठ | १० नोव्हेंबर, रात्री १०:२०

महिनाभर काही लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडायची वाट बघत होते. आज घडलं.

पाच रविवार तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. चिठ्ठ्या, पट्टी, दोन पेन्सिली. आज मी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं : "रात्री साडेअकराला खानापूर स्टेशनवर गाडी थांबली आणि एकच माणूस उतरला." मग चिठ्ठ्या उचलायला लावल्या. रहस्य, भय, विज्ञान, इतिहास, विनोद. ज्याच्या हाती जे येईल त्यानं तशी गोष्ट पुढं न्यायची.

रहस्याच्या गटानं लिहिलं की पाऊस नव्हता तरी त्या माणसाचा एकच बूट ओला होता. बस्स, एवढ्यावर ते थांबले आणि बाकीच्यांना म्हणाले, आता विचारा प्रश्न. वडगावकर दादा, तुमचा ओला रुमाल त्यांच्या डोक्यात बसलाय.

भय आलं पाचवीतल्या एका शांत पोरीकडे. मला वाटलं ती बदलून मागेल. तिनं लिहिलं : त्या माणसानं पत्ता विचारला तो आमच्या घराचा होता. दारात येऊन त्यानं हाक मारली ती माझ्या पणजोबांना. आतून कुणी तरी "आलो आलो" म्हणालं. सभामंडपात कुणी हललं नाही. मग ती स्वतःच हसली आणि म्हणाली, "मी भ्यालो नाही टीचर, मीच लिहिलो की." टिळकवाडीच्या ताई, हे खास तुमच्यासाठी लिहितेय.

विज्ञानवाला नववीतला. त्याचा माणूस दोनशे वर्षं पुढून आलेला. कशासाठी? भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहेत, तिथं राउटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं. त्या माणसाच्या काळात ते एकही उरलेलं नाही आणि तो एक जोडी न्यायला आलाय. एकच गोष्ट बदलली, बाकी सगळं तसंच ठेवलं. पुण्याचे दादा, तुमचा नियम त्यानं न सांगता पाळला.

विनोदवाल्यांचा माणूस लोंढ्याला लग्नाला चाललेला, झोपेत खानापूरलाच उतरला. हातात आहेराचा कुंदा, आपली बेळगावची मिठाई. सकाळची गाडी येईपर्यंत तो "चव तर बघू" म्हणत कुंदा संपवतो आणि रिकामा डबा घेऊन लग्नाला जातो. सगळे लोळून हसले.

खरी मजा इतिहासात आली. त्यांनी जांबोटीच्या दादांचा नंदगड घेतला. १८३१, रायण्णाचा निरोप घेऊन एक माणूस खानापूर स्टेशनवर उतरतो. सहावीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "तेव्हा रेल्वे नव्हती." शांतता. गट रडवेला झाला, कारण फळ्यावरचं वाक्यच चुकीचं ठरत होतं. मी म्हटलं, मग काय करायचं? दहा मिनिटं कुजबुज. मग त्यांनी फळ्यावरची 'गाडी' तशीच ठेवली आणि पुढं 'बैल' जोडले, 'स्टेशन' पुसून 'नदीकाठ' केलं, 'साडेअकरा' पुसून 'चांदणं डोक्यावर आलं तेव्हा' केलं. लाल पेन्सिल, निळी पेन्सिल, सगळं त्या एका वाक्यात आलं. मी काहीच बोलले नाही.

जांबोटी फाटा | १० नोव्हेंबर, रात्री १०:४५

'चांदणं डोक्यावर आलं तेव्हा.' दोनदा वाचलो. त्या पोरांना माझा नमस्कार सांगा.

अनगोळचे आजोबा | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

मुली, त्या पाचवीतल्या पोरीची गोष्ट मी घरात वाचून दाखवली. आमच्या मंडळींनी रात्री ओसरीचा दिवा चालूच ठेवला. माझ्याकडे गो. नी. दांडेकरांची आणि व्यंकटेश माडगूळकरांची पुस्तकं आहेत, 'सत्तांतर'सकट. माकडांच्या टोळ्यांवरची कादंबरी आहे ती, जंगलाजवळच्या पोरांना कळेल. ट्रंकेत जागा आहे का?

मलप्रभाकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री ८:००

आजोबा, जागा केली. दोन पंचांगं देवळाच्या भटजींना दिली.

आता एक अडचण. कन्नड माध्यमातली आठवीतली एक मुलगी आहे, पहिल्या दिवसापासून येते, फारसं बोलत नाही. काल सगळे गेल्यावर तिनं मला वही दिली. बारा पानं. सायकलवरून चोराचा पाठलाग करणारी मुलगी, मला वाटतं, कारण 'सायकल' हा शब्द तेवढा मी ओळखला. सगळं कन्नड अक्षरांत आहे. मी म्हटलं, कन्नडमध्ये लिहिलंस होय? ती म्हणाली, "नाही टीचर, मराठीच आहे. अक्षरं तेवढी कन्नड."

मला कन्नड बोलता येतं, वाचता फार हळू येतं. ती गोष्ट रविवारी सगळ्यांसमोर वाचली जावी असं वाटतं. तिला देवनागरीत उतरवून आण म्हणू का? की ते चूक होईल?

उचगावची अक्का | ११ नोव्हेंबर, रात्री ८:२०

म्हणू नका. एक अक्षर बदलायला सांगू नका.

निपाणीचे मास्तर | ११ नोव्हेंबर, रात्री ८:३५

अक्कांशी सहमत. आता उतरवायला सांगितलं तर तिला वाटेल गोष्ट चुकली. देवनागरी प्रत नंतर तिच्या मैत्रिणी करतील, त्यांनाच कन्नड अक्षरं वाचायचा सराव होईल.

रविवारी मी येतो. पहाटेची गाडी धरून बेळगावात बदलली की साडेदहापर्यंत पोचेन. ती स्वतः वाचणार असेल तर मी शेजारी बसून ऐकेन, लाजली तर मी वाचेन. चोर कोण ते मात्र तिनं मला आधी सांगायचं नाही. माझ्यासाठी एक कोरी चिठ्ठी ठेवा.